पहिल्या वर्षी अभ्यासिकेची खुर्ची धरू नका

गिरणाकाठ

एफ.वाय.चे प्रवेश आटोपत आले. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे दरवर्षी तोच प्रकार. कॉलेजात नाव टाकायचं, आठ दिवसांत अभ्यासिकेत खुर्ची धरायची आणि कॉलेजचं तोंड थेट परीक्षेचा फॉर्म भरताना पाहायचं. माझं मत असं की पहिलं वर्ष कॉलेजला द्यावं, सरकारी नोकरभरतीचा अभ्यास दुसऱ्या वर्षी सुरू करावा.

हजेरीचा हिशेब करून बघा. ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) लेखी विषय म्हणजे ६० तास. ७५ टक्के म्हणजे ४५. हातात उरतात १५ तास, म्हणजे आठवड्याला ४ तास धरले तर चार आठवडेसुद्धा नाहीत. उशिरा प्रवेश, ताप, घरचं लग्न, न आलेली एस.टी. यातच ते संपतात. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात १०० पैकी साधारण ४० गुण अंतर्गत आहेत. चाचणी कधी, असाइनमेंट कोणत्या तारखेला, हे वर्गात सांगतात. ग्रुपवर मेसेज येतो तो मुदतीच्या आदल्या रात्री.

तास संपले की रोज दोन तास ग्रंथालयात बसा. आणि पहिल्या पंधरवड्यात एवढं करा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि छापा, मोबाइलमध्ये ठेवू नका. ग्रंथालयात जाऊन मागच्या प्रश्नपत्रिकांची फाइल मागा, ती बहुतेक ठिकाणी असते, मागणारा नसतो. कोणत्या घटकावर किती गुण येतात ते अभ्यासक्रमाच्या समासात पेन्सिलीने लिहा. डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, काढा, पण त्याआधी आधार आणि बारावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवा. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. निकालाच्या वेळी श्रेयांक खात्यात दिसत नाहीत, त्यामागे बऱ्याचदा एखादंच अक्षर असतं.

तापीपार

भाऊ, हे सगळं ज्या कॉलेजात तास होतात तिथे ठीक. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या नेमणुका लांबल्या की सुरुवातीचे आठवडे वर्ग रिकामा. पोरगं धरणगावहून येतं, फळ्यावर कालचीच तारीख बघतं आणि परत जातं. त्याने अभ्यासिकेत बसू नये तर काय कॅन्टीनमध्ये बसावं?

आणि सगळ्यांनाच पदवी लागते कुठे? पोलीस शिपाई भरतीला बारावी पास पुरते. वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३. शारीरिक ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर २० गुणांना, १०० मीटर १५, गोळाफेक १५. त्यात निम्मे गुण पडले तरच पुढचा विचार, आणि लेखीला बोलावतात एका जागेमागे दहा. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आले तर पूर्ण २० मिळतात. ती वेळ दोन महिन्यांत येत नाही, वर्ष-दीड वर्ष जातं. दुसऱ्या वर्षी सुरुवात करणारा भरती निघाली की घाईने डांबरी रस्त्यावर रोज पळतो, नडगी धरते आणि मैदानी चाचणीच्या दिवशी लंगडत उभा राहतो.

गिरणाकाठ

पळण्याबद्दल वाद नाहीच. पहाटे साडेपाचला पळायला कॉलेज आडवं येत नाही. आठवड्यातून चार दिवस, मातीच्या मैदानावर, अंतर हळूहळू वाढवत. माझा आक्षेप सकाळी १० ते २ अभ्यासिकेत चालू घडामोडींचं मासिक पाठ करण्यावर आहे. पहिल्या वर्षी पाठ केलेल्या घडामोडी परीक्षेला बसेपर्यंत शिळ्या झालेल्या असतात.

राज्यसेवेची गोष्ट तर आणखी वेगळी. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. लेखी १७५० गुण, त्यात ५०० वैकल्पिक विषयाचे. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हेच तर बी.ए.ला आहेत! कॉलेजात दहा गुणांचं उत्तर नीट लिहिणं हा त्याच परीक्षेचा सराव आहे. पर्यायांना गोल करत तीन वर्षं काढलेल्या मुलाला दोन पानं सलग लिहायला दिली की पहिल्याच परिच्छेदात पेन थांबतो.

सातपुड्याची_वाट

तुम्ही दोघंही असं बोलताय जणू पोरगं जळगावात बहिणीच्या घरी राहतंय. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरून येणाऱ्याचा पहिला प्रश्न पैशाचा. तो सुटला नाही तर कॉलेजही सुटतं आणि अभ्यासिकाही.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाच्या आठवड्यातच भरा. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा, चालू वर्षाचा. पैसे कुठे अडकतात तेही ऐका. ते तुम्ही दिलेल्या खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. सिमच्या दुकानात अंगठा देऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे जाऊन बसते आणि पोरगं गावातल्या बँकेच्या खिडकीवर पासबुक भरून भरून थकतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग'ची स्थिती बघा. नको ती बँक दिसली तर आपल्या शाखेत जोडणीचा फॉर्म द्या, काही दिवसांनी परत तपासा, मगच निश्चिंत व्हा.

दुसरी अडचण: अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरून त्रुटीसाठी परत येतो आणि त्याचा मेसेज जातो नोंदवलेल्या मोबाइलवर. तो नंबर सायबर कॅफेवाल्याचा असतो! नंबर स्वतःचा द्या आणि दर आठवड्याला लॉगिन करून बघा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, आपोआप काही होत नाही.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार. जेवण आणि राहण्याचे पैसे थेट खात्यात येतात. वसतिगृहाच्या यादीत नाव नाही म्हणून गावी परतण्याआधी ही चौकशी करा.

केळीची_घडी

बठ्ठं खरं शे भाऊ, पन एस्टी दोन वाजता निंघी जास, मंग लायब्ररी कव्हय?

मराठीत सांगते. अपडाऊन करणाऱ्या मुलींचा विचार करा. पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, तिकिटाचा तिसरा हिस्साच पडतो, म्हणून पैशाची तक्रार नाही. तक्रार वेळेची. दोनची गाडी चुकली तर पुढची पाचला, आणि गाव फाट्यापासून आत. घरचे विचारतात, तास बाराला संपले तर तू कुठे होतीस? 'रोज दोन तास ग्रंथालयात बसा' हा सल्ला तिला लागू पडत नाही.

तिला लागू पडेल असं सांगते. पुस्तक घरी न्या. ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा, कारण क्रमिक पुस्तकांच्या मोजक्या प्रती असतात आणि त्या लवकर संपतात. मधला तास रिकामा गेला तर त्याच वेळेत असाइनमेंट लिहून टाका, गाडीत लिहिता येत नाही. विज्ञान शाखेला जर्नल त्याच दिवशी सहीला द्या. सत्राच्या शेवटी प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी सगळ्या वर्गाची रांग लागते आणि प्रमाणित जर्नलशिवाय प्रात्यक्षिकाला बसू देत नाहीत.

मराठी माध्यमातून बी.एस्सी.ला आलेल्यांनी एक वही वेगळी करावी. रोज वर्गात कानावर पडलेल्या दहा संज्ञा, समोर मराठी अर्थ आणि एक आकृती. पहिल्या महिन्यात वर्ग सोडावासा वाटतो तो विषयामुळे नव्हे, इंग्रजी शब्दांमुळे. महिन्याभरात दोनेकशे शब्द होतात आणि मग सर काय बोलताहेत ते कळू लागतं.

गिरणाकाठ

ताई, दोनच्या गाडीचं मान्य. 'दोन तास ग्रंथालय' हा नियम म्हणून मागे घेतो.

तापीपार

मी अजून मागे घेत नाही. तरी एक गोष्ट जोडतो, कारण कॉलेजला जायचंच आहे तर ते वाया जाऊ नये. ओई म्हणजे खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यावा लागतो. खिडकीवर बाबू जो लिहून देतो तो निमूट घेऊ नका. कलेच्या मुलाने सांख्यिकी, हिशेब किंवा संगणकाचा घ्यावा, भरतीच्या गणिताला आणि नंतर कोणत्याही कार्यालयात तेच कामी येतं. बदलायचा असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच अर्ज द्या. एकदा वर्गयादी विद्यापीठाला गेली की तीन महिने नको त्या विषयाला बसा.

एन.सी.सी.ची निवड पहिल्याच वर्षी होते. 'सी' प्रमाणपत्राला तीन वर्षं लागतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी जाग आलेल्याला ते पदवीच्या काळात बसत नाही. एन.एस.एस.चे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. शिबिरात फोटोपुरतं उभं राहू नका. तिथे गावाची पाहणी करून अहवाल लिहिला तर पुढे क्षेत्र प्रकल्पाला (फील्ड प्रोजेक्टला) तीच पद्धत वापरता येते.

सातपुड्याची_वाट

प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण म्हणजे ओ.जे.टी. नंतरच्या वर्षी येतं, ४ श्रेयांक, साधारण १२० तास. जळगावच्या एम.आय.डी.सी.त चटईचे कारखाने आहेत, डाळ मिल आहेत, रावेर-सावद्याकडे केळी पॅकिंग आहे. तिथे कोण कोण घेतं हे पहिल्या वर्षीच विचारून ठेवा, नाहीतर शेवटी ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडून शिक्का आणावा लागतो.

केळीची_घडी

आणि कापूस वेचणीचं काय करायचं? पहिल्या सत्राची परीक्षा आणि वेचणी एकाच वेळी येतात. घरी मजूर मिळत नाहीत, पोरं थांबवतात. वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी त्याची प्रत बापाच्या हातात द्यावी, पेपर कोणत्या वारी ते पेनाने गोल करून. वेचणी मधल्या दिवशी, पेपरच्या आदल्या दिवशी नाही.

तापीपार

पेपर दुपारी असेल तर सकाळची वेचणी होते की.

केळीची_घडी

होते. पण दोनचा पेपर आणि दहाची एस.टी.!