फुगलेलं सॉसेज पॅक: लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू लिहून मोकळा होऊ का?

प्रश्न: चिकन सॉसेजचं व्हॅक्यूम पॅक ४ अंशांवर असूनही फुगलं. आत दुधट, तार धरणारं पाणी. एमआरएस अगारवर (लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढवायचं माध्यम) टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या वसाहती, ग्राम पॉझिटिव्ह (रंगचाचणीत जांभळ्या). सर रजेवर, अहवाल सोमवारी!

उत्तर १: थांब रे. स्लाइडवर वसाहत घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाक. बुडबुडे आले तर ब्रोकोथ्रिक्स (मांस नासवणारा दुसरा जिवाणू) असू शकतो. लॅक्टिकवाले बहुधा गप्प बसतात.

उत्तर २: ग्लुकोजपासून वायू होतो का, डरहॅम नळीत (वायू पकडणारी छोटी उलटी नळी) बघ. पण एमआरएस सायट्रेटशिवायचा घे, सायट्रेटमधूनही वायू सुटतो. मी महिनाभर फसले होते! आणि लॅक्टोबॅसिलस साकेईचं नाव २०२० पासून लॅटिलॅक्टोबॅसिलस आहे, जुनं लिहू नकोस.

प्रश्नकर्ता: बुडबुडे नाहीत. नळीत नखाएवढा वायू, सुक्रोजच्या प्लेटवर शेंबडासारखा थर. ल्यूकोनॉस्टॉक (वायू आणि चिकट थर करणारा लॅक्टिक जिवाणू)?

उत्तर २: वाटतोय तसाच. १६एस (जनुकावरून जिवाणू ओळखायची चाचणी) करून घे, मगच जातीचं नाव लिही.