मदत हवी आहे: ऊसतोड टोळ्यांची मुलं दुसरी-तिसरीत, वाचन कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते, दुसरी-तिसरी एकत्र माझ्याकडेच आहेत. जवळ साखर कारखाना आहे त्यामुळे दिवाळी झाली की टोळ्या येतात, कोप्या (त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या) पडतात आणि वर्गात एकदम नवीन मुलं बसायला लागतात. बरीचशी बीडकडची, त्यात बंजारा मुलं घरी गोरमाटी बोलतात, यंदा नंदुरबारकडच्या टोळ्या पण आल्यात त्यांची मुलं पावरी बोलतात आणि मराठी त्यांना जेमतेम कळतं. वीटभट्टीवरची कन्नड बोलणारी भावंडं वेगळीच. गावातली मुलं तर आहेतच. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की टोळीवाली सगळी परत जाणार, म्हणजे माझ्या हातात साधारण चार-पाच महिने.

आता अडचण सांगते. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं म्हणणं आहे की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, आणि ते मला मनापासून पटतं. पण तिसरीत बसवलेल्या या मुलांपैकी काहीजण अजून अक्षरांवरच आहेत, काही शब्द वाचतात पण ओळ आली की थांबतात. वयानुसार वर्गात घ्यायचं हे आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) आहेच, पण त्याच कायद्यात जास्तीच्या शिकवणीचं पण लिहिलंय, ती शिकवणी दोन वर्ग एकटीने सांभाळताना कधी घ्यायची तेच कळत नाही. पुस्तक पुढे नेलं तर ही मुलं नुसती बसून राहतात, मागे गेलं तर गावातल्या मुलांचे पालक विचारायला येतात.

आणि वाचनापेक्षा जास्त मला त्यांचं गप्प राहणं खुपतं. एक मुलगी आहे, आईबाप पहाटे अंधारात फडात जातात, ही पाणी भरून धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. अंगणवाडीत तीन वर्षांपासून पुढची मुलं बसतात, हा त्याहून लहान. त्यामुळे तो वर्गातच असतो, मी त्याला बसू देते कारण नाहीतर ती यायचीच बंद होईल. ती सुरुवातीला बोलायची, मग तिच्या बोलण्यावर दोन-तीन पोरं हसली आणि तिने बोलणंच सोडलं. 'कोपीवरची' म्हणून हाक मारतात तिला. मी रागावले की माझ्यासमोर थांबतं, मधल्या सुट्टीत परत सुरू. काही मुलं पहिल्या तासाला चक्क झोपतात, त्यांना मी उठवत नाही, पहाटे तीन-चारला जाग आलेल्या लेकराला काय उठवायचं.

तर मला हवंय ते असं: गोरमाटी किंवा पावरीत लहान मुलांसाठी छापील काही मिळतं का? अशा मिश्र वर्गात वाचनाचा तास कसा लावता? चिडवणं मुळापासून कसं थांबवायचं? आणि ही मुलं परत गेल्यावर तिकडच्या शाळेला नेमकं काय कळवावं म्हणजे पुन्हा अ आ इ पासून सुरू होणार नाही? ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी मेळघाटात कोरकू मुलांना बरीच वर्षं शिकवलं. छापील मिळेपर्यंत थांबू नका, मुलांकडूनच तयार करून घ्या. मूल त्याच्या बोलीत जे सांगेल, फडातलं, बैलाचं, आजीचं, ते तुम्ही देवनागरीत मोठ्या कागदावर जसंच्या तसं लिहा, तीनचारच ओळी, आणि त्यालाच बोट ठेवून वाचायला सांगा. आपलंच बोलणं असल्यामुळे अर्थ आधीच माहीत असतो, अक्षरांवर लक्ष देता येतं. मग शेजारी तेच मराठीत. मुळाक्षरं क्रमाने पूर्ण करायच्या मागे लागू नका, म क ल र न अशी चारपाच अक्षरं आणि काना घेतला की लगेच शब्द होतात, माळ, काका, नाक, कान, मुलाला पहिल्याच आठवड्यात वाचल्यासारखं वाटतं (माळसाठी ळ घ्यावा लागेल एवढंच). रोज एक तास वर्ग विसरून पातळीप्रमाणे गट करा, अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदवाले, 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलांचं वाचन तपासतात तसंच. दुसरीतला मुलगा परिच्छेदात आणि तिसरीतला शब्दात बसला तरी कुणाला काही वाटत नाही, फक्त गटांना हुशार-कच्चे अशी नावं देऊ नका. वरच्या गटाला स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी छापून द्या, फुकट आहेत आणि छापायला परवानगी आहे.

प्रतिसाद २

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. नवीन भाषेच्या वर्गात मूल काही आठवडे न बोलता नुसतं ऐकतं, ते नेहमीचंच आहे, पण तुमच्या मुलीचं तसं नाही, ती बोलत होती आणि हसल्यामुळे थांबली. तिला सर्वांसमोर उभं करून बोलायला लावू नका, एकच शांत मैत्रीण शेजारी द्या आणि तिघी-चौघींच्या गटात काम द्या. चिडवणाऱ्यांना रागावून फार होत नाही. गावातल्या मुलांना तिच्याकडून काहीतरी शिकायला मिळेल असं बघा, एखादं गोरमाटी गाणं सगळ्या वर्गाने म्हटलं, तुम्ही पण चुकत चुकत म्हटलं, की हसण्याचा रोख बदलतो. आणि त्या बाळाला बसू देताय ते चालू ठेवा, कुणी काही म्हणालं तरी.

प्रतिसाद ३

बीड जिल्ह्यातून लिहितोय, आमच्याकडून जाणारी मुलं म्हणजे तुमच्याकडे येणारी. निघताना शिक्षण हमी कार्ड (मूल जाईल तिथल्या शाळेत दाखवायचं) देतो आम्ही, ते पालकांकडे मागून घ्या, बऱ्याचदा पेटीत पडलेलं असतं. परत पाठवताना श्रेणीपेक्षा एक पान लिहा: कोणती अक्षरं येतात, कोणत्या मात्रेला अडतं, कुठल्या गोष्टीत रमतो. शिवाय त्याची वही सोबत द्या. वही बघितली की आम्हाला दहा मिनिटांत कळतं कुठून धरायचं.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार, सोमवारपासून पातळीचे गट करते आणि त्या मुलीकडून पहिला कागद लिहून घ्यायचा प्रयत्न करते, ती नुसतं चित्र काढून भावाला सांगत बसली तरी ते मी लिहून घेईन. बीडच्या सरांना विनंती, तुमच्या केंद्रातल्या शाळांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, एप्रिलपर्यंत थांबण्यापेक्षा आत्ताच बोलू. नंदुरबारकडचं, धडगाव-अक्कलकुवा भागातलं कुणी शिक्षक इथे असेल तर प्लीज लिहा, पावरीसाठी माझ्याकडे अजून काहीच नाहीये.