निंबोळी अर्क बेकार नाही, टाइम चुकतोय

वर कोणीतरी लिहिलं की निंबोळी अर्कानं मावा (पानाचा रस शोषणारी बारकी कीड) जात नाही, नुसता वास येते. पण तुम्ही मारता सकाळी दहाला, अन् आमच्या विदर्भात दहाचं ऊन म्हणजे तापली कढईच, त्या उन्हानं अर्काचा जोरच जाते. मीबी दोन वर्षं हेच केलं, आता सांदवाडीत (घरामागच्या परसबागेत) दिवस बुडताना मारतो. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळी कुटून रातभर भिजवायची, फडक्यानं गाळून थोडा साबण टाकायचा अन् त्याच दिवशी संपवायचं. पान उलटं करून खालून मारा, भेंडीचा मावा तिथंच चिकटून असते, वरून पान हिरवंगार दिसते. लगेच मरत नाही, चार-पाच दिवस थांबा. निंबोळ्या मात्र सावलीत वाळवलेल्या पाहिजे, माझं एक पोतं बुरशीनं गेलं.