लॅपटॉप बंद पडला म्हणून मुदत वाढवायची का?

चष्मेवाली_मॅडम:
डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला शिकवते. शुक्रवारी प्रोजेक्टचं सबमिशन होतं. गुरुवारी रात्री सव्वाअकराला एका मुलाचा रडवेला फोन, "मॅडम, लॅपटॉप चालूच होत नाहीये, सगळा कोड त्यातच आहे." म्हटलं, असेल ते घेऊन ये. ग्रुपमधल्या मुलीच्या पेन ड्राइव्हवर तीन आठवड्यांपूर्वीची कॉपी होती, तीच दाखवली. लॉगिन झालं, पुढे काही नाही. मार्क त्याप्रमाणेच दिले. स्टाफरूममध्ये आता मी कसाई. पण वर्षभर धडधाकट असलेले पाच-सहा लॅपटॉप सबमिशनच्या आदल्या रात्रीच कसे काय मरतात?

खडूस_काका:
बरोबर केलंत. एकाला दिली की दुसऱ्या दिवशी रांग लागते. ज्यांनी जागून वेळेत दिलं त्यांनी काय घोडं मारलंय? कंपनीत क्लायंट ऐकून घेत नाही.

रात्रपाळी:
काका, अकरा वर्षं कंपनीत आहे. क्लायंट ऐकून घेतो. रिलीज पुढे ढकलणं आमच्याकडे महिन्याआड चालतं. आणि लॅपटॉप गेला तर कंपनी दुसरा देते, या पोराला कोण देणार? मॅडम, एकच विचारतो. गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकवलं होतंत का?

चष्मेवाली_मॅडम:
सिलॅबसमध्ये नाही. बॅकअप घ्या म्हणून मात्र पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडते.

रात्रपाळी:
ओरडून कुणी बॅकअप घेत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. बॅकअपचे पाच मार्ग होते, ऐनवेळी एकही कामाला आला नाही. तारलं ते त्याच इंजिनिअरने सहा तास आधी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेल्या कॉपीने. लोकांचा कोड सांभाळणं हाच ज्यांचा धंदा, त्यांची ही गत. एकोणीस वर्षांच्या पोराचं काय घेऊन बसलात?

खडूस_काका:
तुमच्याच गोष्टीत कॉपी होती म्हणून वाचले की! तीही सहा तासांपूर्वीची, तीन आठवड्यांपूर्वीची नाही.

तालुक्याची_पोर:
माझ्या डिप्लोमाच्या वेळी घरी कॉम्प्युटर नव्हता. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये, त्यात लोडशेडिंग. कॅफेतल्या व्हायरसने पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकले आणि मी सगळं गेलं समजून दोन रात्री पुन्हा टाइप केलं. (फाइली नुसत्या लपलेल्या असतात, अट्रिब कमांडने परत दिसतात, हे नंतर कळलं. डोक्याला हात लावला.) सरांनी आधी झापलं, मग लॅबची किल्ली दिली, शिपायाला सांगून रात्री आठपर्यंत बसू दिलं. तारीख हलवली नाही. हलवणार कशी? एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) ठरलेला असतो, व्हायवाची तारीख एकट्या मॅडमच्या हातात नसते, हे इथे कुणी बोलतच नाहीये. मुलांनी मुदत मागण्याऐवजी मशीन मागावं, आणि कॉलेजने ते द्यावं.

रात्रपाळी:
हे पटलं. मॅडम, पुढच्या बॅचला दोन गोष्टी करायला लावा. एक, कोड रोज गिटहबवर (गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची साइट), पण डेटासेट, म्हणजे डेटाच्या मोठ्या फाइली, वगळून. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल ते घेत नाही. शेवटच्या रात्री पुश (कोड वर चढवणं) अडकला की पोरं घाबरून काहीही डिलीट करतात, मी स्वतः केलंय. दुसरं, ज्या दिवशी प्रोजेक्ट धड चालेल त्याच दिवशी मोबाइलवर डेमोचा व्हिडिओ काढून ठेवा. उद्या काहीही बिघडलं तरी काय बनवलं होतं ते दिसेल.

चष्मेवाली_मॅडम:
व्हिडिओचं डोक्यातच आलं नव्हतं. गिटही पुढच्या वर्षी पहिल्या प्रॅक्टिकललाच घेते. मुदत मात्र नाही.
एक सांगायचं राहिलं. काल लॅब असिस्टंटने त्या मुलाची डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावली. फोल्डर मिळाला. शेवटची फाइल बुधवारी रात्री एक चाळीसची. सगळे मॉड्यूल चालतात.

तालुक्याची_पोर:
मग मार्क?

चष्मेवाली_मॅडम:
मार्कशीट अजून एचओडींच्या टेबलावर आहे. सोमवारी जाते.

खडूस_काका:
जा. पण बाकीच्या पाच जणांच्या डिस्कही उघडायला सांगा.