तुतक, डेक आणि आपलं माळवद

खानापूरकर: भाचीला एका गोष्टीचं भाषांतर करायचं होतं, त्यात जहाजाचं ‘डेक’ आलं. मी ‘छत’ सांगितलं, तिच्या बाईंनी खोडून ‘मजला’ केलं. आता गोष्टीतला खलाशी मजल्यावरून समुद्रात पडतोय! समुद्र बघायचा तर आम्ही चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारी माणसं. नेमका शब्द आहे का?

निपाणीकर: आहे की! तुतक. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात सापडेल. ‘सगळे तुतकावर गोळा झाले’ असं लिहायचं. ‘मजला’ नकोच, त्यानं इमारत डोळ्यांपुढं येते. पण तुमचं ‘छत’ अगदीच वाया गेलं नाही बघा. डेक हा शब्द इंग्रजीत डचमधून आला आणि तिथं त्याचा अर्थ आच्छादन, छप्पर असाच. खालच्या मालाला ते छप्पर, वर चालणाऱ्याला जमीन.

आमच्या आजोळच्या माळवदासारखं. खाली गोठा न् सोपा, वर मिरच्या वाळत घातलेल्या. मधे सानं, त्यातून उजेड खाली यायचा, आणि पाऊस आला की आजी ओरडायची, “सानं झाका गा कुणीतरी!” जहाजाच्या डेकलाही अशीच झाकणाची तोंडं असतात, माल खाली सोडायला.

शहापूरकर: शब्द झकास, पण आज तुतक म्हणतं कोण? विमानवाहू नौका विक्रांत 2022 साली नौदलात आली तेव्हा सगळे ‘फ्लाइट डेक’च म्हणत होते. तिथं ‘उड्डाण-तुतक’ लिहिलंत तर वाचणारा हसेल. आणि डबलडेकरचं काय करणार, दुतुतकी बस?

निपाणीकर: दुतुतकी! नको हो. गलबत, शिडाचं जहाज, जुना काळ असेल तिथं तुतक. विमानवाहू नौकेला डेकच बरा. ‘पूप डेक’ आला तर मात्र जपून. पूप म्हणजे जहाजाची पिछाडी, मूळ लॅटिन ‘पुप्पिस’. ‘पिछाडीचं तुतक’ म्हणा, काम भागतं. पत्त्यांच्या डेकला तुतक लावू नका म्हणजे झालं, त्याला आपला कॅट आहे.

खानापूरकर: गोष्ट शिडाच्या जहाजाचीच आहे. तुतक लिहायला सांगितलं. भाचीनं लगेच विचारलं, “मामा, तुतकावर मिरच्या वाळवतात का?”