मदत हवी आहे: टाकी भरली तरी आरओच्या नळीतून पाणी वाहतंच आहे

टाकी भरली की पंप थांबतो, म्हणजे फ्लोट स्विच ठीक असावा. पण सिंकमध्ये सोडलेल्या नळीतून पाणी येतच राहतं. काल प्लगच काढून ठेवला, तरी सकाळी बारीक धार चालू! इतकं पाणी वाया जाताना बघवत नाही हो.

माझा संशय सोलेनॉइड व्हॉल्व्हवर (विजेवर उघडणारी, आत येणारं पाणी अडवणारी झडप) आहे. वीज नसताना तो बंद राहायला हवा. आत गाळ अडकला असेल. सेडिमेंट फिल्टर उघडला तेव्हा तपकिरी आणि बुळबुळीत झाला होता, तो बदलला. मेम्ब्रेन चांगलं वाटतंय: येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६२०, गाळलेल्याचा ४५.

व्हॉल्व्ह खोलून साफ करता येतो का, की सरळ नवा बसवू? जुन्यावर २४ व्होल्ट लिहिलंय, तसाच घ्यायचा ना? तोवर रात्री इनलेटचा नळ बंद ठेवतोय.