गुडघा बदलल्यावर सीपीएम मशीन, खरंच लागतं का?

सोलापूरची_सून: सासूबाईंचा उजवा गुडघा बदलला, आज 9 वा दिवस. घरी आलो नाही तोच एका दुकानदाराचा फोन, सीपीएम मशीन भाड्याने घ्या म्हणे, पाय त्यात ठेवायचा, मोटर आपोआप वाकवते सरळ करते, रोज थोड्या डिग्री वाढवत न्यायच्या. फिजिओ म्हणतात गरज नाही. मलाही तेच पटतंय पण नणंदेला वाटतंय मी पैसे वाचवतेय. बोला.

टाच_सरकवा: नणंदेला सांगा, 2014 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (कॉक्रेन म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था) 24 ट्रायल एकत्र तपासल्या, 1445 पेशंट, आणि मशीनवाल्यांचा गुडघा सरासरी 2 डिग्री जास्त वाकला. दोन! एवढा फरक तर मोजताना हात हलला तरी पडतो. पाय मशीन हलवतं, मांडीचा स्नायू झोपलेलाच. कमोडवरून उठताना मशीन येणारे का?

बाबांचा_मुलगा: अर्धंच सांगताय. त्याच रिव्ह्यूत आखडलेला गुडघा भूल देऊन वाकवायची वेळ मशीनवाल्यांवर कमी आली असंही आहे. आमचे बाबा फिजिओची चाहूल लागली की डोक्यावरून पांघरूण घ्यायचे. मशीनचा रिमोट स्वतःच्या हातात, दुखलं की बंद, म्हणून भीती गेली आणि मग व्यायामाला तयार झाले. कागदावर 2 डिग्री असतील, आमच्या घरी रोजची रडारड थांबली.

टाच_सरकवा: तो पुरावा फार कच्चा आहे हेही तिथेच लिहिलंय. बाकी ही कल्पना टोरांटोच्या डॉ. सॉल्टरची, 1970 च्या दशकातली, सशांच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, भरून यावी म्हणून. इथे कूर्चा कापून धातू आणि प्लास्टिक बसवलंय, भरून काय यायचंय? बाबांचं पटलं, पण ते भीतीचं औषध झालं, गुडघ्याचं नाही.

बाबांचा_मुलगा: भीती गेल्याशिवाय गुडघा हलतो का ते सांगा आधी.

नऊवारी: सगळे वाकण्यावरच भांडताय, सरळ होण्याचं कोण बघणार? आमच्या काकू बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायच्या, गुडघा पूर्ण सरळ झालाच नाही, वाकतो छान पण चालताना लंगडतात. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या.

सोलापूरची_सून: अरे देवा, आत्ता जाऊन बघितलं, गुडघ्याखाली चांगली जाडजूड उशी! काढली तर सासूबाई रुसल्यात. मशीन नणंदेने आठवडाभरासाठी मागवलंय, पैसे तीच देतेय, येऊ दे. टाच मागे सरकवत गुडघा स्वतः वाकवायचा व्यायाम मात्र मी तीन वेळा करून घेणार, मशीन असो नसो.